भरदुपारची फळी

शमीम, तुझ्याशी माझी दोन भांडणं बाकी आहेत. पहिलं 'हैबती' पिक्चरचं. ते आपल्या कंपनीत गेटवरच्या वॉचमनपासून कँटीनच्या मावशींपर्यंत सगळ्यांना पाठ आहे. दुसरं मात्र तुझ्या-माझ्यातलं आहे. एवढी आजारी पडलीस आणि मला कळू दिलं नाहीस, त्याचं. इतकी वर्षं एका बाकावर बसून आपण स्विच जुळवले, डब्यातली भाजी अर्धी अर्धी करून खाल्ली, सासवांची उणीदुणी काढली, आणि शेवटी तू मला परक्या बाईसारखं बाहेर उभं केलंस. तू असतीस तर म्हणाली असतीस, "एका टायमाला एकच घे गं मंदे, दम लागंल." म्हणून पहिल्यापासून घेते.

तुझ्या जागेवर कुणी बसत नाही असं लिहिलं असतं तर छान वाटलं असतं, पण ते खोटं होईल. सुपरवायझरनं लगेच एक नवी पोरगी बसवली. गुणी आहे बिचारी. सुरुवातीला तू उडवायचीस तशाच स्विचमधल्या स्प्रिंगा उडवायची, एक तर थेट लताच्या डब्यात पडली. लता, म्हणजे आपल्या लाइनवरचा सगळ्यात मोठा आवाज, ती काय सोडतेय! पण पोरीनं 'हैबती' पाहिलेलाच नाही असं कळल्यावर ती स्प्रिंगेचं विसरूनच गेली. जेवणाच्या सुट्टीत तिनं पहिला भाग मारामारीसकट करून दाखवला. पोरगी आता मला 'हैबतीच्या गावच्या काकू' म्हणते. ही पदवी तुझीच देणगी.

ती कशी मिळाली ते आठवतंय ना? आपण तेव्हा नागापूरच्या एमआयडीसीत नव्यानंच लागलो होतो. तू कोल्हारची, मी शिंगणापूरची, दोघी लग्न होऊन नगरला आलेल्या. एकाच शेअर रिक्षात कोंबून बसायचो, यापलीकडे ओळख नव्हती. एका रविवारी लाइनवरच्या सगळ्याजणी मिळून 'हैबती' बघायला गेलो. दुधाचा टेम्पो चालवणारा, नदीतली वाळू चोरणाऱ्या टोळीला एकटा भिडणारा हैबती! आणि त्याचं गाव बिनदाराच्या घरांचं. टोळीतलाच एकजण जखमी होऊन त्याच्या घरात शिरतो. हैबती त्याला पाणी देतो, पुढ्यात भाकरी ठेवतो आणि म्हणतो, "घराला दार न्हाई, मनाला कडी न्हाई. बस, जेव." टॉकीज नुसती दणाणली. तेवढ्यात माझ्या कानाशी अशी शिट्टी वाजली की पुढच्या रांगेतले बाप्ये माना वळवून बघायला लागले. बघते तर डोक्यावरून ओढणी नीट घेतलेली, मांडीवर पर्स धरलेली एक बाई दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारतेय. बाजरीवरची पाखरं हाकताना शिकलीस म्हणे. मी तुझ्याकडे बघितलं, तू माझ्याकडे बघितलंस, आणि आपण दोघी जे हसत सुटलो ते पार इंटरव्हलपर्यंत.

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये तू जाहीर करून टाकलंस, "ही मंदा हैबतीच्या गावची हाय!" मी जीव तोडून सांगत होते, अगं पिक्चरमधलं गाव वेगळं, त्याचं नावसुद्धा दुसरं आहे. कोण ऐकतंय! बायांनी मला घेराव घातला. खरंच दार नसतं का? नसतं, पडदा असतो. मग चोऱ्या होत न्हाईत? शनिदेवाचं गाव आहे ते, कुणाची छाती होईल? आणि कुत्री? कुत्री तर येत असतील?

"रातच्याला उंबऱ्यापाशी फळी लावतो आमी," मी म्हणाले. "गुडघ्याएवढी. कुत्रं आत येत न्हाई."

"म्हंजी कुत्र्यापुरतं दार हायच की मग," तू म्हणालीस, आणि सगळ्याजणी खो खो हसल्या.

मला राग आला होता. मी तशी लवकर चिडते, आणि तुला ते फार लवकर कळलं. पण खरं सांगू का, मनातून मी सुखावलेही होते. माहेरी असताना मला त्या बिनदाराच्या घराचा वैताग यायचा. शनिवारी दर्शनाला आलेली माणसं आमच्या चौकटीत उभी राहून फोटो काढायची. आई आतून ओरडायची, "फोटु काढा, पन चपला काढून काढा!" नगरला आल्यावर कुणी गाव विचारलं की मी नुसतं 'नेवाशाकडचं' म्हणून वेळ मारून न्यायचे. हैबती आला आणि मी एकदम मोठ्या घरची झाले. त्यानं मला माझंच घर परत दिलं. म्हणून तर पुढचं सगळं मला एवढं लागलं.

पुढचं म्हणजे दुसरा भाग. तो यायला इतकी वर्षं लागली की हैबतीचेही केस पिकले आणि आपलेही. पहिल्याच आठवड्यात गेलो, त्याच टॉकीजला. पहिला अर्धा तास काय बहार होती! मग टोळीवाले हैबतीच्या टेम्पोला धडक देतात आणि त्याची बायको पारू जाते. तुझी ओढणी ओली, माझा पदर ओला, लता तर हुंदके देत होती. हैबती स्मशानातून घरी येतो. अंगणात लाकडं पडलेली असतात. तो करवत घेतो, एक शब्द न बोलता फळ्या कापतो, चौकटीला दार बसवतो. आत जातो. कडी लावतो. आणि ते बंद दार आपल्या डोळ्यांसमोर तसंच राहतं, राहतं, राहतं, आणि इंटरव्हल.

मी उभीच राहिले. "ह्यॅ!" असं मोठ्यानं म्हणाले. लतानं पडद्याकडे पॉपकॉर्न भिरकावला. मागच्या रांगेतली पोरं ओरडत होती, पैसे परत द्या म्हणून. ज्या माणसानं शत्रूला दार लावलं नाही, तो आपल्या गावाला दार लावतो? पारूसाठी रडायला अख्खं गाव अंगणात जमलेलं आणि हा आतून कडी घालतो? हा हैबती नव्हेच! त्या सगळ्या गोंधळात तू एकटी खुर्चीत शांत बसली होतीस. रिक्षात बसल्यावर मी विचारलं, गप्प का गं? तू म्हणालीस, "मला पटलं."

ते 'मला पटलं' पुढं कंपनीला किती महाग पडलं! सुपरवायझर त्याला 'हैबतीचा खटला' म्हणायचा. माल वेळेवर निघत होता म्हणून त्यानं चालू दिला. आपले हात चालायचे, तोंडं चालायची. एका बाजूला मी, लता आणि जवळपास सगळी लाइन. दुसऱ्या बाजूला तू. कँटीनच्या मावशी सकाळी आमच्या आणि दुपारी तुझ्या, कारण तू त्यांना खिमा आणून द्यायचीस.

मी म्हणायचे, लिहिणारा बदललाय, त्याला हैबती कळलेलाच नाही. लता म्हणायची, हिरो म्हातारा झालाय, त्याला मारामारी झेपेना म्हणून दाराआड बसवला. तू सगळ्यांचं ऐकून घ्यायचीस, स्विचचं झाकण दाबून बसवायचीस आणि तुझं ते ठरलेलं वाक्य टाकायचीस, "पयल्या भागात त्याचं कोन मेलं हुतं गं?"

कुणीच नव्हतं मेलं. ते खरंच होतं, म्हणून तर आम्ही आणखी चिडायचो.

"त्याचा सोभाव बदलला न्हाई," तू म्हणायचीस. "त्याच्यावर येळच आली नव्हती आदी. हसाया दार लागत न्हाई, भांडाया लागत न्हाई. रडाया लागतं."

"आमच्या अख्ख्या गावाला दार न्हाई," मी उसळून म्हणाले. "आमी काय रडत न्हाई का?"

तू हातातलं काम थांबवलंस. तुझे हात थांबले म्हणजे काहीतरी खरं बोलायचं असायचं. "तेच इचारते मंदे," तू म्हणालीस. "तुझी आई कुठं रडायची?"

आईला रडताना मी कधी पाहिलंच नव्हतं. आजा गेला तेव्हा सगळ्यांसमोर रडली ती, पण ते रीतीचं. एरवी कधी? ती माझी आई होती, तिला रडू येत असेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तू माझा चेहरा बघितलास आणि लगेच विषय हलका केलास. तुझा हा मोठेपणा मी तुझ्या तोंडावर कधी मान्य केला नाही, आता करते.

"आमच्याकडं दारं लई, पन मान्सं त्येच्याहून लई," तू म्हणालीस. "कोल्हारला आमच्या घरात एका खोलीत सा-सात जन. म्या उसात जाऊन रडायची. प्रवरेच्या कडंला आमचा ऊस, आत शिरलं की कुनाचा काका दिसत न्हाई. पन फॅक्टरीचा ट्रॅक्टर आला, ऊस तोडून नेला, की झाली पंचाईत! पुढचा ऊस वाढंस्तोवर रडायचं कुठं? मी आपली शिलकीत ठिवायची." यावर लता इतकी हसली की तिला ठसका लागला आणि कुणीतरी तिच्या पाठीत धपाटे घातले. मीही हसले. पण त्या दिवशी घरी जाताना रिक्षात डोक्यात तेच होतं, आई कुठं रडायची.

आता दुसऱ्या भांडणाकडे येते.

तू कामावर यायची थांबलीस तेव्हा म्हणालीस, पाय दुखतात, जरा सुट्टी घेतेय. मी म्हणाले घे बाई, तेवढी खटल्याला विश्रांती. फोन केला की तू हसूनच बोलायचीस. येऊ का म्हटलं की म्हणायचीस, "आत्ता नको गं, पाव्हणे आलेत." पुढच्या वेळी पुन्हा पाहुणे. कोल्हारचा तुमचा गोतावळा मला माहीत होता, एक टेम्पो भरून येतो आणि दुसरा भरून जातो. मला खरंच वाटलं. उलट मी तुला टोमणा मारला, पाहुण्यांपुढं आम्ही कुठले आठवणार तुला. तू फोनवर नुसती हसलीस.

मग एका संध्याकाळी सुट्टी झाल्यावर मला कुठून बुद्धी झाली कोण जाणे. म्हटलं, पाहुणे असतील तर असू देत, पाहुण्यांनाही भजी लागतातच. भज्यांचा पुडा घेतला आणि तुझ्या घरी आले. रफिकभाईंनी दार उघडलं. घरात चपलांचा ढीग नाही, पोरांचा गलका नाही, पाहुण्यांचा मागमूस नाही. रफिकभाई बाजूला झाले. तू खिडकीपाशी पलंगावर होतीस. अर्धी राहिली होतीस गं. मला क्षणभर वाटलं मी चुकीच्या घरात आलेय.

तू मला बघितलंस आणि म्हणालीस, "लई उशीर केलास."

मी म्हणाले, "रिक्षा मिळाली न्हाई." बघ ना, अशा वेळी माणूस काय बोलतो! आणि मग मी चिडले. आजारी माणसावर कुणी चिडतं का? मी चिडले. रफिकभाईंनी सगळं सांगितलं, कधी कळलं, कुठे दाखवलं, डॉक्टर आता काय म्हणतात. मी ऐकत होते आणि भज्यांचा पुडा माझ्या हातात चुरगळत होता. रफिकभाई चहा टाकायला आत गेल्यावर मी तुला म्हणाले, "तू असं वागूच शकत न्हाईस! तुला पोटात काई ठिवता येत न्हाई, अख्ख्या लाइनला तुझ्या घरातलं ठाऊक असतं, आन् एवढं मोठं लपवलंस? ही तू न्हाईसच!"

तू मान उशीवर टेकवलीस आणि तुझे डोळे चमकले, अगदी शिट्टी मारायच्या आधी चमकायचे तसे.

"दुसरा भाग हाय हा, मंदे," तू म्हणालीस.

मला हसू फुटलं. रडत होते आणि हसत होते. मग आपण भजी खाल्ली, म्हणजे मी खाल्ली, तू एक तोडून नुसतं हातात धरलंस. आणि पुन्हा खटला. रफिकभाई चहा घेऊन आले तर आपण दोघी त्या बंद दारावर भांडत होतो. तू त्यांना साक्षीला ओढलंस. ते म्हणाले, मी पिक्चर बघताना झोपलो होतो. तू म्हणालीस, ह्या मानसाबरोबर मी जिंदगी काढली. घर हसण्यानं भरून गेलं. दिवे लागले होते. मी निघताना तू माझा हात धरून ठेवलास आणि म्हणालीस, "आईला इचारलंस का?"

"काय?"

"कुठं रडायची ते. इचार आन् मला सांग. तेवढाच एक मुद्दा राह्यलाय."

मी म्हणाले, शनिवार सोडून जाते, शनिवारी एसटीत पाय ठेवायला जागा नसते. तू म्हणालीस, तुझ्या सवडीनं जा, मला कुठं जायचंय. आणि त्याच आठवड्यात गेलीस.

तुला नेताना आम्ही बायका आत बसलो होतो. नंतर रफिकभाई मला म्हणाले, "शेवटच्या दिवशी बी इचारत हुती, मंदाचा फोन आला का. मंदाची आई काय म्हनली." मी मान खाली घातली. मला खूप वाईट वाटत होतं आणि तितकाच रागही येत होता. एवढी माझी वाट बघत होतीस तर आधी का बोलावलं नाहीस? पाहुणे आलेत, पाहुणे आलेत करत मला का परतवलंस? मी तुझी कोण होते, शमीम? रिक्षात शेजारी बसणारी बाई? सांगते तुला, तुझ्या जाण्याच्या दुःखाला या प्रश्नाची धार होती. रात्री झोप लागली तरी सकाळी तो उशाशी हजर असायचा.

गेल्या आठवड्यात शिंगणापूरला गेले. भाऊ तेलाच्या दुकानात होता, आई घरात शेंगा फोडत बसली होती. वाऱ्यानं चौकटीतला पडदा हलत होता. मी तिच्याजवळ बसले, दोन-चार शेंगा फोडल्या आणि सरळ विचारलं, "आये, तू कुठं रडायचीस गं?"

"का? कोन गेलं?" आई म्हणाली.

"शमीम गेली."

"ती शिट्टीवाली?" आईच्या हातातली शेंग तशीच राहिली. तू एकदाच आली होतीस आमच्याकडे, आणि आमच्या चिंचेवरची वानरं एका शिट्टीत पळवली होतीस. आई त्यावर आजही बोलते. तिनं पदरानं डोळे पुसले. "चांगली हुती गं पोर."

मग मी तिला सगळं सांगितलं, हैबती, दार, खटला. तिला हैबती कुणाचा कोण ते शेवटपर्यंत समजलं नाही. "कुनाचा म्हनं ह्यो? सोनईकडचा का?" असं तिनं दोनदा विचारलं. पण तुझा प्रश्न तिला बरोबर समजला.

"फळी लावायची की," ती म्हणाली.

"फळी तर रातची ना? कुत्र्यांसाठी?"

"रातची कुत्र्यासाठी. भरदुपारी लावली तर ती कुत्र्यासाठी असती व्हय? भरदुपारी फळी दिसली की आळीतल्या बायांना कळायचं, आत बाई बसलीया, बसू द्या तिला. पोरं आली तर त्यास्नी आपल्याकडं घिऊन जायचं, खायाला घालायचं."

शमीम, मला एकदम आठवलं. शेजारची काकू! शाळेतून यायचे तर घरापाशी पोचायच्या आधीच काकू मला हाक मारायची, गूळ-शेंगदाणे द्यायची, इकडच्या तिकडच्या गप्पा मारून बसवून ठेवायची. मला वाटायचं काकूला माझा केवढा लळा! आणि ती फळी, ती मी पाहिली होती. कितीतरी दुपारी पाहिली होती. पाहून तिच्याकडे पाठ फिरवून गूळ खाल्ला होता.

"पन फळी तर गुडघ्याएवढी," मी म्हणाले. "कुनीबी ओलांडून आत येईल."

"शेळीबी ओलांडंल," आई म्हणाली. "पर आपलं मानूस न्हाई ओलांडत. त्येला कळावं म्हनूनच लावायची. परक्याला काय, त्येला फळी दिसतबी न्हाई."

"आन् मग काढायची कधी?"

"दिवेलागनीपतोर आपली आपन काढायची. न्हाई निघाली, तर मग शेजारनीनं च्या घिऊन ओलांडायची. इचारायचं काय न्हाई, नुस्तं बसायचं. तुझी काकू यायची ना. तिला येळ झाला की मला असा राग यायचा! च्या घेताना म्या पयलं तेच बोलायची, लई उशीर केलास गं."

मी शेंगा फोडत राहिले. आईनं विचारलं, काय झालं? मी म्हणाले, काही नाही, दाणा खवट लागला.

तू दार लावलंच नव्हतंस, शमीम. 'पाव्हणे आलेत' ही तुझी फळी होती. बिनदाराच्या गावात जन्मलेली मी, आणि भरदुपारची फळी मला ओळखता आली नाही, पण ओलांडता आली. भज्यांचा पुडा घेऊन, दिवेलागणीला. आणि तू मला जे म्हणालीस ते बाहेरच्या बाईला कुणी म्हणत नाही. तेव्हा मला वाटलं होतं तू रागावलीस. हो, रागावलीच होतीस. रागावण्याइतकी मी तुझी होते. हे दुसरं भांडण मी इथंच सोडून देते.

राहिला खटला. दुसऱ्या दिवशी मी कँटीनमध्ये निकाल वाचून दाखवला. हैबतीला आडोसा हवा होता, इथं शमीमचं बरोबर. पण बिनदाराच्या गावातला माणूस दार करत बसत नाही, भरदुपारी फळी लावतो, इथं माझं बरोबर. लिहिणाऱ्यानं नुसतं आमच्या आईला विचारलं असतं तरी भागलं असतं. गुडघ्याएवढी फळी, आत पाठमोरा हैबती, बाहेर अंगणात गाव, आणि कुणी ओलांडत नाही. काय सीन झाला असता! नवी पोरगी डोळे पुसायला लागली. लता तेवढी म्हणाली, "म्हंजी जिंकलं कोन?" दोघी, मी म्हणाले. तिला ते अजिबात आवडलं नाही. इतकी वर्षं खटला चालवायचा आणि शेवटी दोघी जिंकल्या म्हणजे काय!

मला वाटलं होतं, निकाल लागला की बरं वाटेल. झालं उलटंच. भांडण चालू होतं तोवर तू रोज लाइनवर होतीस. परवा सुट्टी होती. घरी कुणी नव्हतं. दुपारी काय मनात आलं, फ्लॅटचं दार सताड उघडं टाकलं आणि उंबऱ्यात इस्त्रीची फळी आडवी ठेवली. आत जाऊन बसले आणि तुझ्यासाठी पोटभर रडले. समोरच्या वहिनी डोकावून म्हणाल्या, "फरशी पुसली का हो? वाळली की सांगा." मी आतून बरं म्हणाले. हसू आलं आणि पुन्हा रडू आलं. उठून फळी काढावी असं काही वाटेना.

दिवेलागणीला बाहेर धाडकन आवाज झाला. फळीला पाय अडकून लता पडता पडता वाचली होती. एका हातात थर्मास, दुसऱ्या हातात चप्पल. "तू फोन उचलंनास म्हनून समोरच्या वहिनींना केला, म्हनल्या दुपारपास्नं फरशी वाळंना," ती म्हणाली. मग माझ्यासमोर बसली, दोन कप भरले, काही विचारलं नाही.

"लई उशीर केलास," मी म्हणाले.

"रिक्षा मिळाली न्हाई," लता म्हणाली.

आम्ही चहा प्यायलो. बाहेर अंधार पडायला लागला होता, मी उठून दिवा लावला. लतासारख्या बाईला गप्प राहणं किती जड जातं तुला ठाऊक आहे. कप संपेपर्यंत तिनं कसंबसं धरून ठेवलं आणि मग म्हणालीच, "काय बी म्हन मंदे, फळी असू दे न्हाईतर काय असू दे. हैबतीनं ते दार लावलं ते चुकलंच."

मी 'हो ना' म्हणायला तोंड उघडलं. इतकी वर्षं तेच तर म्हणत आले होते. पण खोलीत कुणी उलट बोललं नाही, आणि ते मला सहन होईना. मी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "पयल्या भागात त्याचं कोन मेलं हुतं गं?"